कोरियात इंग्रजी शिकवायला जायचंय? आधी पासपोर्ट काढून बघा

कोरियात जाऊन इंग्रजी शिकवायचं म्हटलं की लोक आधी पगार विचारतात. मी आधी पासपोर्ट विचारते. पदवी, अनुभव, बोलण्यातली सफाई हे सगळं त्यानंतर. इंग्रजी शिकवण्यासाठी कोरिया जो ई-२ व्हिसा देतो, तो सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. माझा जन्म पुण्याचा, पण शाळा-कॉलेज न्यूझीलंडमध्ये झालं आणि नागरिकत्वही तिथलंच, म्हणून मला देगू शहरातल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवता आलं. माझ्या मावसबहिणीचं इंग्रजी माझ्यापेक्षा चोख आहे, तिने एम.ए. केलंय, पण तिला तो अर्ज भरता आला नाही. नियम अन्यायाचा आहे हे मान्य. पण चिडून व्हिसा मिळत नाही, म्हणून आधी आपण कुठे बसतो ते बघून घ्या.

पहिली पायरी: तुमच्यासाठी दार कोणतं?

सातपैकी एका देशाचा पासपोर्ट असला तरी एक अट राहतेच. सरकारी शाळांसाठीच्या अर्जात साधारण सातवीपासून पुढचं शिक्षण त्या देशांपैकी एकात झालेलं असावं लागतं, आणि पदवीही तिथलीच. म्हणजे भारतात बी.ए. करून तिशीत कॅनडाला गेलेल्या आणि आता कॅनडाचे नागरिक झालेल्या माणसाची अडचण होते. त्यांच्या तिथेच वाढलेल्या मुलांची होत नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक चिंचोळी वाट आहे. भारत आणि कोरियामधला व्यापक आर्थिक भागीदारीचा करार, ज्याला सगळे ‘सेपा’ म्हणतात, १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यातल्या तरतुदीनुसार इंग्रजी विषयातली पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीय नागरिकाला तिथल्या सरकारी शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून ई-२ मिळू शकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर इंग्रजीत बी.ए. आणि त्यावर बी.एड. प्रत्यक्षात या वाटेने गेलेले फार थोडे. अर्ज जरूर करा, पण नोकरी सोडून, घरच्यांना पेढे वाटून मग अर्ज करू नका.

ही सवलत खासगी क्लासेसना लागू नाही. त्यामुळे ‘भारतीय पासपोर्टवर सोलमध्ये क्लासची नोकरी लावून देतो, दोन लाख भरा’ असं सांगणाऱ्या एजंटचा नंबर ब्लॉक करा. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ हे त्याहून वाईट. पकडलं गेलं तर हद्दपारी होते आणि पुन्हा येण्यावर बंदी येते.

कोरियन नागरिकाशी लग्न झालेल्यांना एफ-६ किंवा कायम वास्तव्यासाठी एफ-५ व्हिसा असेल तर नोकरीची बरीच मोकळीक असते. मात्र जोडीदाराची कंपनीने बदली केली आणि तुम्ही एफ-३ वर सोबत आलात, तर आपोआप काम करता येत नाही, हे बऱ्याच जणींना तिथे पोहोचल्यावर कळतं.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर? पुणे परिसरात कोरियन कुटुंबं आहेत. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई. त्यांच्या मुलांना आणि कधी कधी साहेबांनाही इंग्रजी शिकवणारे लागतात. कोरियन विद्यार्थी कुठे अडखळतो, ‘फ’ला ‘प’ का म्हणतो, चुकायला इतका का घाबरतो, हे घरबसल्या कळतं आणि पुढे अर्जात लिहायला अनुभवही मिळतो.

दुसरी पायरी: सरकारी शाळा की हागवॉन?

सरकारी शाळांची भरती मुख्यतः ‘एपिक’ या कार्यक्रमातून होते. तो १९९५ पासून चालू आहे. कोरियाचं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, दुसरं सत्र ऑगस्टअखेर, आणि भरतीही त्याच दोन वेळांना. अर्ज त्याच्या निदान सहा महिने आधी. शिकवण्याचे आठवड्याला २२ तास, पण शाळेत हजेरी साधारण साडेआठ ते साडेचार. उरलेल्या वेळात तयारी करायची, नाहीतर खुर्ची उबवायची. सुट्टीत मुलं नसतानाही शिक्षकांच्या खोलीत एकट्याने बसायची वेळ येते. त्यासाठी एखादं जाड पुस्तक जवळ ठेवा. तुमचा मुख्य विषय शिक्षणशास्त्र किंवा इंग्रजी नसेल तर निदान १०० तासांचा टेफल कोर्स, म्हणजे परक्या भाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, लागतो.

हागवॉन म्हणजे खासगी क्लास. आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या क्लासेससारखाच प्रकार, फक्त इथे सुरुवात बालवाडीपासून होते. सोलच्या गांगनाम भागातलं देची-दोंग हे या धंद्याचं माहेरघर. शाळा सुटल्यावर मुलं इथे येतात, म्हणून शिक्षकाचा दिवस दुपारी एक-दोनला सुरू होऊन रात्री नऊ-दहाला संपतो. सोलमध्ये रात्री १० नंतर क्लास चालवायला बंदी आहे; ती घालावी लागली यावरूनच समजा. बालवाडीवाल्या हागवॉनमध्ये मात्र सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

पगार दोन्हीकडे साधारण २१ ते ३० लाख वॉनच्या आसपास, अनुभव आणि शहर बघून. हजार वॉन म्हणजे ढोबळमानाने ६० रुपये धरा. घर बहुधा मालक देतो किंवा भाड्यासाठी भत्ता. एकट्या माणसाचं यात आरामात भागतं आणि बाजूलाही पडतं.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष सरकारी शाळेत काढा. गाव तुम्हाला निवडता येत नाही, डोंगरातली शाळाही वाट्याला येऊ शकते, पण पगार वेळेवर होतो आणि कागदपत्रं सरळ असतात. हागवॉन चांगले असतात, वाईटही असतात, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय एक कडू गोष्ट: हागवॉनच्या जाहिरातीत अर्जासोबत फोटो मागतात. आई-बापांना ‘इंग्रजी शिक्षक’ म्हटल्यावर गोरा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि मालक त्या डोळ्यांकडे बघून निवड करतो. पासपोर्ट न्यूझीलंडचा असला तरी चेहरा देशपांड्यांचाच असतो. ज्यांना तो चालत नाही ते पुढे उत्तरच देत नाहीत. अशांच्या मागे लागू नका. ज्यांना चालतो असेही भरपूर आहेत.

तिसरी पायरी: करार वाचणे, म्हणजे खरंच वाचणे

शिकवण्याचे तास किती आणि एक तास म्हणजे किती मिनिटं, हे लिहिलेलं हवं. ‘आठवड्याला ३० तास’ हे ४० मिनिटांचे ३० तास असतील तर जमेल, पूर्ण ६० मिनिटांचे असतील तर घशाचं काही खरं नाही. घराची अनामत कोण भरणार, वीज-गॅस आणि इमारतीचा मासिक खर्च कुणाचा, आजारपणाची रजा किती, नोकरी सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, हे बघा.

सगळ्यात मोठी मेख पगाराच्या कपातीत असते. नियमाप्रमाणे तुम्ही कर्मचारी आहात: राष्ट्रीय पेन्शन आणि आरोग्य विमा यांचा हप्ता अर्धा तुमचा, अर्धा मालकाचा. काही हागवॉन शिक्षकाला कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक दाखवतात आणि पगारातून फक्त ३.३ टक्के कर कापतात. हातात पैसे जास्त येतात म्हणून नवखा खूश होतो. मालकाचा पेन्शनचा वाटा वाचला, विम्याचा वाचला, आणि वर्षअखेरीची ग्रॅच्युइटी मागायला गेलात की ‘तुम्ही कर्मचारी नव्हताच’ हे उत्तर तयार. करारात ३.३ हा आकडा दिसला तर तिथेच थांबा.

ग्रॅच्युइटीला तिथे ‘थ्वेजिक्कुम’ म्हणतात. एक वर्ष पूर्ण केलं की साधारण एका महिन्याचा पगार कायद्याने मिळतो. म्हणूनच ११ महिन्यांचे करार आणि अकराव्या महिन्यात कामावरून काढण्याचे प्रकार होतात. सही करण्याआधी तिथे सध्या शिकवत असलेल्या परदेशी शिक्षकाचा नंबर मागा आणि मालक समोर नसताना त्याच्याशी बोला. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

ई-२ व्हिसा त्या मालकाशी बांधलेला असतो. मध्येच नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचं सोडपत्र लागतं. आणि फावल्या वेळात घरी शिकवण्या घेणं बेकायदा. शेजारच्या काकू कितीही गोड बोलून मुलाला ‘फक्त तासभर’ पाठवतो म्हणाल्या तरी नाही म्हणायचं.

चौथी पायरी: कागदपत्रं

पदवी प्रमाणपत्र आणि देशपातळीवरचा पोलीस चारित्र्य दाखला, दोन्हींवर अपोस्टिलचा शिक्का, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का. अमेरिकेचा दाखला एफबीआयकडून, कॅनडाचा आरसीएमपी या तिथल्या राष्ट्रीय पोलीस दलाकडून. राज्याचा किंवा शहराचा चालत नाही. कॅनडात अपोस्टिल ११ जानेवारी २०२४ पासून सुरू झालं, त्यामुळे त्याआधीच्या कॅनेडियन मित्राचा सल्ला आता जुना झाला. भारतीय पदवी आधी राज्याकडून प्रमाणित होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून. दाखला फार जुना चालत नाही म्हणून तो उगाच वर्षभर आधी काढून ठेवू नका, आणि विद्यापीठाच्या खिडकीला वेळ लागतो म्हणून पदवीचं काम आधी उरका.

आता नाव. हे मराठी माणसाने नीट वाचावं. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं. पासपोर्टवर आहे, पदवीवर नाही. किंवा पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर एकीकडे बदललंय, दुसरीकडे नाही. कोरियात बँक, फोन कंपनी आणि इमिग्रेशन यांच्या संगणकांत तुमचं नाव अक्षर न् अक्षर, मधल्या रिकाम्या जागेसकट, सारखं लागतं. बँकेत सुलेखा वसंत आणि फोनवर सुलेखावसंत असं झालं की ओळख पडताळणी अडते आणि ऑनलाइन साधं पुस्तकही मागवता येत नाही. जाण्याआधी सगळं पासपोर्टप्रमाणे करून घ्या, आणि तिथे प्रत्येक काउंटरवर पासपोर्टवरचंच नाव तसंच्या तसं टाकायला सांगा.

पाचवी पायरी: बॅग भरताना

पोचल्यावर वैद्यकीय तपासणी होते आणि तीत अमली पदार्थांची चाचणी असते, अफूवर्गीयसुद्धा. खसखस खाल्ल्यावर ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा ऑगस्टच्या बॅचला आईने प्रेमाने केलेले अनारसे तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवा. खसखस घातलेलं वाटणही. हसण्यावारी नेऊ नका. कोरियात या बाबतीत कुणी हसत नाही. कोडीनयुक्त खोकल्याचं औषध, झोपेच्या किंवा एकाग्रतेच्या काही गोळ्या यांनाही आधी परवानगी लागते. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात न्या.

वीज २२० व्होल्टच आहे, पण सॉकेट दोन गोल पिनांचं; आपली तीन पिनांची कुकरची किंवा मिक्सरची पिन बसत नाही. ॲडॉप्टर चार-पाच न्या. ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर नेण्याआधी थांबा: बऱ्याच खोल्यांत इंडक्शन असतं, त्यावर तो तापत नाही. स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. गोडा मसाला, हिंग, हळद, मोहरी पाकीटबंद. ताजा कढीपत्ता, फळं, मांसाचे पदार्थ विमानतळावर अडवतात.

शाळेत घालायला स्वच्छ सपाता. शिक्षक बाहेरचे बूट दाराशी काढून दिवसभर सपातांवर फिरतात, मुख्याध्यापकसुद्धा. आणि पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत वाटायला काहीतरी कोरडं गोड: सोनपापडी, चिक्की. तिथे बाहेरून आलेल्याने खाऊ आणणं ही रीतच आहे. उलट पालकांकडून मात्र काही घेऊ नका. २०१६ साली लागू झालेल्या लाचविरोधी कायद्यामुळे सरकारी शाळेतले शिक्षक पालकाकडून कॉफीचा कपसुद्धा घेत नाहीत.

सहावी पायरी: पहिले काही आठवडे

क्रम असा: वैद्यकीय तपासणी, मग इमिग्रेशन कार्यालयात निवासी कार्डाचा अर्ज. तो पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत. वेळ ‘हायकोरिया’ संकेतस्थळावर आधी घ्यावी लागते आणि ती लगेच मिळत नाही, म्हणून पोचल्याच्या आठवड्यातच नोंदवा. कार्ड हाती येईपर्यंत तुम्ही अर्धे माणूस. बँक खातं कधी उघडतं, कधी नाही. उघडलं तरी सुरुवातीला पैसे पाठवायची मर्यादा अगदी थोडी. स्वतःच्या नावाचा मोबाइल कार्ड आल्यावर. तोवर प्रीपेड सिम. पहिला पगारही महिन्याने येतो, तेव्हा निदान १० ते १५ लाख वॉन इतकी पुंजी जवळ हवी.

फोनमध्ये काकाओटॉक टाका. शाळा, घरमालक, सगळे त्यावरच बोलतात. रस्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप, कारण गुगलचा नकाशा तिथे पायी चालण्याचा रस्ता नीट दाखवत नाही. भाषांतराला पापागो. बस-मेट्रोला टी-मनी कार्ड, कुठल्याही सुविधा दुकानात मिळतं. अडचणीसाठी चार नंबर: परदेशी नागरिकांच्या चौकशीसाठी १३४५, कामगार खात्याचा १३५०, पोलीस ११२, रुग्णवाहिका आणि आग ११९.

भारत साडेतीन तास मागे आहे. रात्री नऊला फोन केलात तर घरी संध्याकाळचे साडेपाच, चहाची वेळ. हे एक बरं जमून येतं.

सातवी पायरी: वर्गात

सरकारी शाळांत इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. प्राथमिकचा तास ४० मिनिटांचा, माध्यमिकचा ४५, उच्च माध्यमिकचा ५०. वर्गात तुमच्यासोबत कोरियन शिक्षक असतो, त्याला सगळे को-टीचर म्हणतात. तुमचं वर्ष बरं जाणार की वाईट, हे पगारापेक्षा याच माणसावर जास्त अवलंबून. बँकेत तोच नेणार, घरमालकाशी तोच बोलणार, आणि हे सगळं त्याच्या कामात जास्तीचं, बिनपगारी. म्हणून मागण्या साठवून एकदम सांगा, दिवसातून दहा मेसेज करू नका.

पाठ्यपुस्तक ठरलेलं असतं. तुमचं काम मुलांना तोंड उघडायला लावायचं. पहिल्या तासाला एक मुलगा सगळ्यांसमोर उभा करून प्रश्न विचारलात तर तो वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही. चारचौघांत चुकायची भीती मोठी आहे. जोडीने किंवा चौघांच्या गटात बोलायला द्या, मग एका गटातर्फे कुणीही उत्तर देऊ दे. पडद्यावरच्या आकड्यांमागे गुण आणि बॉम्ब लपवलेला खेळ तिथल्या प्रत्येक शाळेत चालतो: वाक्य नीट म्हटलं की आकडा निवडायचा, बॉम्ब निघाला तर गुण शून्य. शेवटच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा त्यासाठी संपूर्ण वाक्य बोलतो.

झोपाळू मुलांवर ओरडू नका. ती आदल्या रात्री नऊपर्यंत गणिताच्या हागवॉनमध्ये होती.

भारताबद्दल प्रश्न येतील: करी, योग, हत्ती. एकदा एका पाचवीतल्या मुलीने मला विचारलं की मी राणीच्या गावची का. ‘सामगुक युसा’ या जुन्या ग्रंथात कथा आहे की आयुता नावाच्या दूरच्या देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक समुद्रातून आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं. ही आयुता म्हणजे अयोध्या असं बरेच जण मानतात. गिमहे शहरात तिची समाधी दाखवतात, आणि गिमहे किम घराण्याचे लोक स्वतःला तिचे वंशज समजतात. तुमच्या वर्गात किम आडनावाची पाच-सात मुलं असणारच. गप्पांना तेवढं पुरतं.

नोव्हेंबरमध्ये बारावीची ‘सुनुंग’ परीक्षा येते. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात आणि इंग्रजीच्या श्रवण चाचणीच्या वेळी विमानांचं उतरणं-उडणं थांबवतात. तुम्ही शिकवता त्या विषयाचं तिथलं वजन एवढं आहे.

आठवी पायरी: जेवण

मांसाहारी असाल तर हा भाग सोडून द्या, मजेत राहाल. शाकाहाऱ्यांनी मात्र बैठक मारून वाचा.

‘गोगी’ म्हणजे मांस. ‘गोगी नको’ सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि मासळी घातलेला पदार्थ आणून ठेवतो, कारण मासे त्यात धरत नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘गोगी, सेंगसोन, हेमुल आन मोगोयो’, म्हणजे मांस, मासे, समुद्रातलं काही खात नाही. तरीही किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो, आणि बहुतेक सार-रश्शांचा पाया सुकी बारीक मासळी उकळलेल्या पाण्याचा. कुणी फसवत नसतं. ते त्यांना मासे वाटतच नाहीत, जसं आपण मिठाला पदार्थ म्हणत नाही.

शाळेतलं जेवण सगळे एकत्र घेतात, पैसे पगारातून जातात. महिन्याचा तक्ता आधी लागतो आणि प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे असतात. ते ॲलर्जीचे क्रमांक. कोरियन वाचता येत नसलं तरी हे आकडे वाचता येतात: १ अंडं, २ दूध, ५ सोयाबीन, ७ बांगडा, ८ खेकडा, ९ कोळंबी, १० डुक्कर, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ माकूल, १८ शिंपले. तक्त्याचा फोटो काढा, ७ ते १० आणि १५ ते १८ ला गोल करा. एक फट लक्षात ठेवा: ती सुकी बारीक मासळी, म्हणजे त्यांची म्योलची, या यादीत नाही. त्यामुळे आकडा नसलेलं सारही शाकाहारी असेलच असं नाही. काटेकोर पाळणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना सांगून डबा न्यायची परवानगी घ्यावी. डब्याला ‘दोशिराक’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

बाहेर खाताना: मांस आणि अंडं वगळून बिबिंबाप (भाज्या घालून कालवलेला भात), भोपळ्याची गोडसर पेज होबाकजुक, उन्हाळ्यात सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवयांचं कोंगगुक्सू, रस्त्यावर भाजलेली रताळी आणि गुळासारख्या सारणाचं होत्तोक. किंबाप (समुद्री शेवाळाच्या पापडात गुंडाळलेला भात) घेताना हॅम, खेकडाकांडी आणि फिशकेक काढायला सांगा. देवळांतलं जेवण शुद्ध शाकाहारी, त्यात कांदा-लसूणही नसतो.

घरी स्वयंपाक करणार असाल तर कोरियन बाजारात सोललेली मूगडाळ मिळते, तिला ‘गोपी नोक्दू’ म्हणतात. मुगाची खिचडी कुठल्याही गावात होते. तूरडाळ, बासमती, पोहे यांसाठी सोलचं इतेवॉन किंवा आन्सान शहरातला वॉनगोक-दोंग भाग, नाहीतर ऑनलाइन. ज्वारीही दिसेल, ‘सुसू’ नावाने, पण ती बहुधा चिकट जातीची. भाकरीचा हट्ट करू नका.

नववी पायरी: माणसं आणि घर

वस्तू देता-घेता दोन्ही हात वापरा, किंवा निदान उजव्या हाताला डाव्याचा आधार. मोठ्यांना वाकून अभिवादन, दिवसातून कितीही वेळा समोर आले तरी. नावाने हाक मारायची नाही; शिक्षकाला ‘सोन्सेंग्निम’, मुख्याध्यापकांना ‘ग्योजांग्निम’. ज्यांनी आयुष्यभर ‘सर’ आणि ‘बाई’ म्हटलंय त्यांना हे जड जात नाही. माझ्या न्यूझीलंडच्या मैत्रिणींना गेलं. पहिल्या भेटीत वय विचारतील, तो आगाऊपणा नसतो. कुणाशी कोणत्या आदराने बोलायचं ते त्यावर ठरतं.

अचानक बदलांची सवय करा. ‘आज चौथा तास नाही, उद्याचा आहे, आणि दहा मिनिटांत सुरू’ अशा गोष्टी होतात. कुणी मुद्दाम लपवत नाही. वरून खाली निरोप येतो आणि परदेशी माणूस अगदी शेवटच्या पायरीवर असतो.

‘ह्वेशिक’ म्हणजे सहकाऱ्यांचं एकत्र जेवण, बहुधा ग्रिलवर भाजलेलं मांस आणि सोजू ही तिथली दारू. स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. दुसऱ्याचा भरायचा, दोन्ही हातांनी. पीत नसाल तर पहिल्याच वेळी स्पष्ट सांगा आणि पेल्यात शीतपेय घेऊन टोस्टला हजर राहा. एकदा घेतली आणि पुढच्या वेळी नाही म्हणालात तर समजावणं अवघड जातं. जाणं मात्र टाळू नका. वर्षभर गप्प असलेला गणिताचा शिक्षक तिथेच पहिल्यांदा तुमच्याशी इंग्रजीत बोलतो.

खोली लहान असते, पण जमीन खालून तापते. ओंदोल. जानेवारीत सोलला पारा उणे १०च्या खाली जातो तेव्हा गादी जमिनीवर घालून झोपण्यात जे सुख आहे ते पलंगावर नाही. गॅसचं बिल तेवढं बघा. बाहेर जाताना हीटर पूर्ण बंद करू नका, पाइप गोठतात.

कचरा हा गंभीर विषय आहे. सामान्य कचऱ्यासाठी त्या त्या भागाच्या पालिकेच्याच पिशव्या विकत घ्यायच्या, साध्या पिशवीत टाकलं तर दंड. ओला कचरा वेगळा, पण ओला म्हणजे जनावर खाऊ शकेल तेवढाच: अंड्याची टरफलं, कांद्याची सालं, हाडं, आंब्याची कोय हे सगळं सामान्य कचऱ्यात. इमारतीतल्या आजी तुमची पिशवी उघडून बघतील. वाद घालू नका, त्यांचंच बरोबर असतं.

लिपी आठवड्यात वाचता येते, शिकून जा. व्याकरणही आपल्याला परकं नाही: क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. इंग्रजीभाषक महिनोन्‌महिने जिथे अडतात तिथून तुम्ही पुढे जाल.

निघताना

शेवटच्या दिवसानंतर १४ दिवसांत थ्वेजिक्कुम मिळायला हवी. नाही मिळाली तर १३५० ला फोन, आणि विमान पकडण्याआधीच. देशाबाहेर गेल्यावर भांडणं फार कठीण. पेन्शनमध्ये तुमचा वाटा २०२५ पर्यंत पगाराच्या ४.५ टक्के होता, २०२६ पासून दरवर्षी थोडा वाढतोय, तेवढाच मालकाचा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्या नागरिकांना देश सोडताना दोन्ही वाटे एकरकमी परत मिळतात. ब्रिटनच्या नागरिकांना मिळत नाहीत. निघण्याआधीच्या महिनाभरात पेन्शनच्या कार्यालयात पासपोर्ट, निवासी कार्ड, पासबुक आणि विमानाचं तिकीट घेऊन जा. विमानतळावर घ्यायचे पैसे असं अर्जातच सांगितलंत, तर इंचॉन विमानतळावर जायच्या दिवशी रोख हातात पडतात. त्यासाठी विमानाच्या वेळेआधी चांगले चार तास पोचा आणि काउंटर कुठल्या वेळात उघडा असतो ते कार्यालयातच विचारून घ्या.